ऑटिझम असलेल्या मुलांच्या रक्तात काय शोधायचे : कोकणातील आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक व मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगड

विषय : ऑटिझमसाठी म्हणून लिहून दिल्या जाणाऱ्या दाहाच्या रक्तचाचण्यांबाबत

महोदय/महोदया,

स.न.वि.वि.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी खासगी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करते. रक्त घेणे, नळ्यांवर नावे घालणे, सेंट्रिफ्यूज (नळी फिरवून रक्तातला द्रव वेगळा करणारे यंत्र) लावणे, जे इथे होत नाही ते थंड पेटीत घालून मुंबईला किंवा कोल्हापूरला रवाना करणे आणि आलेला रिपोर्ट लोकांच्या हाती देणे, हे माझे रोजचे काम. रिपोर्टचा अर्थ सांगणे हे डॉक्टरांचे काम आहे आणि ती मर्यादा मी पाळते. परंतु ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या, किंवा तसा नुसता संशय असलेल्या, लहान मुलांसाठी अलीकडे ज्या चाचण्या लिहून येतात आणि त्यांच्या निकालांवर घरोघर जे निर्णय घेतले जातात, ते पाहून गप्प राहणे मला योग्य वाटत नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

या चिठ्ठ्यांवर साधारणपणे सीआरपी, ईएसआर, आयएल-६, टीएनएफ-अल्फा अशी नावे असतात. ही सारी दाहाची, म्हणजे संसर्ग किंवा इजेला शरीर जी प्रतिक्रिया देते तिची, मापे. कधी 'सायटोकाइन पॅनेल' म्हणून अनेक घटकांची सबंध यादी असते; सायटोकाइन म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना इशारे देण्यासाठी सोडतात ती प्रथिने, आणि आयएल-६ व टीएनएफ-अल्फा त्यांतलीच. चिठ्ठी काही वेळा शहरातल्या एखाद्या दवाखान्याची असते, तर काही वेळा व्हिडिओ कॉलवरून सल्ला देणाऱ्या आणि मुलाला एकदाही प्रत्यक्ष न पाहिलेल्या माणसाची. पालकांना सांगितलेले असते की मुलाच्या मेंदूत दाह आहे, तो रक्तात दिसेल, आणि तो उतरला की मूल बोलू लागेल. मग बागेत किंवा बांधकामावर मोलमजुरी करणारा बाप कित्येक दिवसांची कमाई काउंटरवर मोजून ठेवतो. माझे म्हणणे असे आहे की दाहदर्शक घटकांवरचे संशोधन खरे आहे, मोलाचे आहे आणि ते चालू राहिले पाहिजे. पण आजच्या घडीला कोणत्याही एका मुलाच्या रक्तातील या आकड्यांवरून त्याला ऑटिझम आहे की नाही, किती तीव्र आहे आणि त्यावर काय उपचार करावेत हे ठरवता येत नाही. ही गोष्ट आपल्या अधिकारातून प्रत्येक दवाखान्याला, प्रयोगशाळेला आणि पालकाला लेखी कळावी, यासाठी ही विनंती आहे.

संशोधनाची बाजू आधी नीट मांडते, कारण ती झटकून टाकण्यासारखी नाही. अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची वर्णने प्रसिद्ध केली तेव्हापासून आजपर्यंत ऑटिझमची ओळख मुलाच्या वागण्या-बोलण्याच्या निरीक्षणातूनच पटवली जाते, त्यामुळे शरीरात मोजता येईल अशी एखादी खूण मिळावी असे शास्त्रज्ञांना वाटणे स्वाभाविक आहे. २००५ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने ऑटिझम असलेल्या ११ मृत व्यक्तींच्या मेंदूच्या ऊती तपासल्या, तेव्हा मेंदूतील संरक्षक पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया आणि ॲस्ट्रोग्लिया, नेहमीपेक्षा अधिक सक्रिय असल्याचे त्यांना आढळले, आणि लहान मेंदूत हे विशेष ठळक होते. २०१५ मध्ये सतरा अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात ऑटिझम असलेले ७४३ जण आणि ५९२ निरोगी व्यक्ती यांच्या रक्ताची तुलना झाली. त्यात आयएल-१-बीटा, आयएल-६, आयएल-८, इंटरफेरॉन-गॅमा यांसारख्या दाह वाढवणाऱ्या घटकांची सरासरी पातळी ऑटिझमच्या गटात जास्त, तर दाह आवरणाऱ्या टीजीएफ-बीटा-१ या घटकाची कमी दिसली. प्रतिकारशक्ती आणि मेंदूची घडण यांचा काही तरी संबंध आहे, हे या कामातून पुढे येते, आणि ज्यांनी ते चिकाटीने केले त्यांच्याविषयी मला आदर आहे.

मात्र २००५ च्या त्या निष्कर्षांच्या आधारे मुलांना दाहशामक औषधे द्यावीत असे त्या संशोधकांनी म्हटलेले नाही. उलट तसे करण्यास आधार नाही, असेच त्यांनी स्पष्ट केले. संरक्षक पेशी सक्रिय दिसतात तेव्हा त्या नुकसान करीत आहेत की झालेले नुकसान सावरत आहेत, हे नुसत्या त्या चित्रावरून कळत नाही. शिवाय मेंदूच्या ऊतीत दिसलेली गोष्ट हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तात तशीच उमटेल, असेही नाही. आमच्याकडे येणाऱ्या पालकांच्या मोबाइलवर जे व्हिडिओ असतात त्यांत संशोधनाचा पहिला भाग असतो आणि हा दुसरा भाग नसतो.

आता सरासरीबद्दल. सातवीच्या वर्गाची सरासरी उंची सहावीच्या वर्गापेक्षा जास्त भरते, पण एकट्या मुलाला भिंतीपाशी उभे करून त्याच्या उंचीवरून त्याची इयत्ता सांगता येत नाही, कारण दोन्ही वर्गांतल्या बहुतेक मुलांच्या उंच्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. सायटोकाइनच्या आकड्यांचे नेमके तेच आहे. ऑटिझम असलेल्या कित्येक मुलांचे आकडे अगदी सामान्य असतात आणि ऑटिझम नसलेल्या कित्येक मुलांचे वाढलेले असतात. हिशेबापुरते धरू की एखादी चाचणी ऑटिझम असलेल्या शंभरांपैकी ७० मुलांना बरोबर ओळखते आणि नसलेल्या शंभरांपैकी ७० जणांना बरोबर वगळते, आणि आपण तालुक्यातल्या १००० मुलांची ती चाचणी केली, ज्यांत दहांना ऑटिझम आहे. त्या दहांतली ७ मुले सापडतील, ३ निसटतील, आणि उरलेल्या ९९० पैकी २९७ मुलांच्या हाती उगाच वाढलेला आकडा पडेल. म्हणजे ज्या ३०४ घरांत काळजीचा रिपोर्ट जाईल, त्यांपैकी २९७ घरांत त्या काळजीला ऑटिझमचा आधार नसेल. हे आकडे मी समजावण्यासाठी धरले आहेत, पण कमी प्रमाणात आढळणाऱ्या कोणत्याही स्थितीसाठी अशी अर्धवट चाचणी सरसकट वापरली की गणित असेच बाहेर पडते.

नमुना हाताळण्याविषयी मला जास्त अधिकाराने बोलता येते. सीआरपी हे प्रथिन १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांवर काम करताना सापडले. ते मुख्यतः आयएल-६ च्या इशाऱ्यावरून यकृतात तयार होते, जंतुसंसर्ग सुरू झाल्यावर काही तासांत वाढू लागते, साधारण दोन दिवसांत शिगेला पोहोचते आणि कारण दूर झाले की सुमारे १९ तासांत निम्म्यावर येते. तालुक्यातल्या अनेक प्रयोगशाळांत अजूनही लॅटेक्सची स्लाइड वापरून सीआरपी पाहतात. लिटरला सुमारे ६ मिलिग्रॅमच्या खालचे त्या स्लाइडला दिसतच नाही. ऑटिझमच्या अभ्यासांत ज्या बारीक फरकांची चर्चा असते ते फरक अशा पद्धतीने मोजणे शक्य नाही, तरीही चिठ्ठीवर नुसते 'सीआरपी' असते आणि कोणत्या पद्धतीने हे कोणी लिहीत नाही. आयएल-६ तर मिलिलिटरला काही पिकोग्रॅम इतके असते, आणि एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. इतक्या सूक्ष्म मापाच्या चाचणीत नळी किती वेळ तशीच उभी राहिली, ती वेळेत फिरवून द्रव वेगळा केला का, वाटेत थंडावा टिकला का, या सगळ्यांचा परिणाम होतो, कारण नळीतल्या पेशी बाहेर आल्यावरही काही काळ हे घटक सोडत राहतात. करूळ घाटात दरड आली आणि पेटी वैभववाडीत अडकून पडली, तर कोल्हापूरच्या यंत्रातून निघणारा आकडा मुलाबद्दल किती आणि त्या प्रवासाबद्दल किती, हे कोण सांगणार? रिपोर्टवर छापलेली संदर्भ-मर्यादाही बहुतेक वेळा प्रौढांची असते, आणि एका कंपनीच्या किटचा आकडा दुसऱ्या किटच्या आकड्याशी जुळवता येत नाही.

त्यात आपला प्रदेश. जून ते ऑक्टोबर कोकणात लेप्टोस्पायरोसिस, डेंग्यू, मलेरिया, नाना तऱ्हेचे विषाणूताप असतात. मुलांच्या पायांवर खरूज आणि पिकलेल्या पुळ्या असतात. दात किडलेले असणे तर बाराही महिन्यांचे. यांतले काहीही असले तरी दाहाचे घटक वाढतात. लसीकरणानंतर काही दिवस ते वाढू शकतात, आणि लठ्ठपणात ते कायमच थोडे चढे राहतात. ऑटिझम असलेल्या मुलांत झोपेच्या तक्रारी, बद्धकोष्ठता आणि वजनवाढ अधिक प्रमाणात आढळते, म्हणून अभ्यासांत दिसणाऱ्या सरासरी फरकाचा काही भाग या गोष्टींमुळेही असू शकतो. भातलावणीच्या दिवसांत, तापातून उठून आठवडा न झालेल्या मुलाचे रक्त घेऊन त्याचा संबंध त्याच्या न बोलण्याशी लावणे हे वैद्यकशास्त्राला धरून नाही.

रिपोर्ट हाती पडल्यावर काय होते, तेही आपल्यापर्यंत पोहोचायला हवे. एका पाच वर्षांच्या मुलाचा सीआरपी १४ आला. त्याची आजी रिपोर्ट न्यायला आली होती, तिने मला विचारले, "रक्तात काय गावलां गो?" मी तिला डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांना दाढेखाली पू सापडला आणि उपचारानंतर आकडा खाली आला, पण तोवर फोनवरच्या सल्लागाराने दाह वाढवणारे पदार्थ म्हणून दूध, गहू आणि साखर बंद करवली होती. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना माहीत असेल की काही मुले मोजून चार-पाच पदार्थच तोंडात घेतात. हा मुलगा दूध, दोन तऱ्हेची बिस्किटे, पेज आणि तळलेली मांदेली एवढेच खात असे. त्यातून दूध आणि बिस्किटे काढल्यावर तो पेज आणि मांदेलीवर आला, आणि वजन उतरू लागल्यावर घरच्यांनी घाबरून पुन्हा डॉक्टर गाठले. गव्हातील ग्लुटेन आणि दुधातील केसिन वगळून ऑटिझमची मूळ लक्षणे कमी होतात याला भरवशाचा पुरावा नाही, आणि मुळातच मोजके खाणाऱ्या मुलाचे ताट आणखी रिकामे केले की लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे यांची खरीखुरी कमतरता उभी राहते. काहींना हळदीच्या कॅप्सूल मोठ्या मात्रेत दिल्या जातात. स्टेरॉइडचा कोर्स सुचवल्याचेही कानावर येते, आणि क्षयरोग अजून हटलेला नसलेल्या आपल्या भागात मुलाची प्रतिकारशक्ती विनाकारण दाबणे किती धोक्याचे आहे हे आपल्याला सांगायला नको. शेवटी गाडी बहुधा महागड्या 'स्टेम सेल'पाशी जाऊन थांबते, जो उपचार ऑटिझमसाठी सुचवू नये असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता व वैद्यकीय नोंदणी मंडळाने २०२२ मध्येच सांगितले आहे.

आणखी एक नुकसान पैशात मोजता येत नाही. गरोदरपणी आईला ताप आला होता का, हा प्रश्न आता सासरच्या ओटीवर विचारला जाऊ लागला आहे, कारण गरोदरपणातील दाह आणि ऑटिझम यांच्याबद्दल कोणी काही ऐकलेले असते. खरी परिस्थिती अशी की फिनलंडमधील २०१४ च्या मोठ्या अभ्यासात गरोदरपणी सीआरपी जास्त असलेल्या मातांच्या मुलांत ऑटिझमचे प्रमाण काहीसे जास्त दिसले, आणि २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील अभ्यासात ऑटिझम असलेल्या मुलांच्या मातांचा सीआरपी उलट कमी निघाला. ज्या बाबतीत जाणकारांचे निष्कर्ष दोन टोकांना आहेत, त्यावरून एखाद्या बाईला आयुष्यभर अपराधी ठरवले जाणे हा अन्याय आहे, आणि आपल्या आशा कार्यकर्त्या घरोघर जातात तेव्हा त्यांनी हे स्पष्ट शब्दांत सांगावे अशी माझी इच्छा आहे.

याचा अर्थ ऑटिझम असलेल्या मुलाचे रक्त तपासूच नये, असा कोणी काढला तर तेही तितकेच घातक ठरेल. ज्या मुलाला "माझा कान दुखतो" हे सांगता येत नाही, ते मूल अचानक डोके आपटू लागले, रात्रभर जागू लागले, जेवण टाकू लागले, तर "ऑटिझममुळेच करतोय" म्हणून त्याला परत पाठवले जाते. मी असे परत आलेले पालक पाहिले आहेत. अशा मुलाचा घसा, कान, दात, पोट आणि लघवी इतर कोणत्याही मुलाइतक्याच, किंबहुना जास्त बारकाईने, तपासली गेली पाहिजे, आणि तिथे हिमोग्राम व सीआरपी यांचा खरा उपयोग आहे, तो म्हणजे आता या क्षणी शरीरात संसर्ग आहे का हे पाहणे. दुसरा उपयोग लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनच्या जोडीने. मोजके खाणाऱ्या आणि झोप नसलेल्या मुलांत लोहाचा साठा पाहणे योग्यच आहे, पण फेरिटिन हा घटक दाहात स्वतःच वाढतो, त्यामुळे संसर्ग असताना लोह कमी असलेल्या मुलाचाही आकडा चांगला दिसू शकतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालच्या मुलांसाठी लिटरला १२ मायक्रोग्रॅमची मर्यादा सांगताना, दाह असेल तर ती ३० धरावी असे म्हटले आहे. सीआरपी आणि फेरिटिन एकाच नमुन्यातून पाहिले तर उत्तर नीट मिळते आणि मुलाला दुसऱ्यांदा टोचावे लागत नाही.

टोचण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण ही बाब कोणत्याच परिपत्रकात येत नाही आणि मुलांच्या दृष्टीने ती सर्वांत मोठी आहे. आमच्या खोलीत ट्यूबलाइट गुणगुणते, सेंट्रिफ्यूज घरघरते, स्पिरिटचा वास असतो, बाकावर अनोळखी माणसे असतात. ज्या मुलाला कुकरच्या शिट्टीने कान झाकावे लागतात त्याला या खोलीत आणून चौघांनी धरून ठेवले की ते मूल हात झटकते, शीर हुकते, रक्तातल्या पेशी नळीत जाताना फुटतात आणि पोटॅशियमसारखे आकडे खोटे येतात. मग पुन्हा टोचायचे. पुढच्या वेळी ते मूल जिन्यावरच बसकण मारते, आणि खरोखर गरज असते तेव्हाही त्याचे रक्त मिळत नाही. हे टाळता येते. सकाळची पहिली वेळ अशा मुलासाठी राखून ठेवावी आणि तेवढा वेळ यंत्र बंद ठेवावे. बधिर करणारे लिडोकेन-प्रिलोकेनचे मलम तासभर आधी लावून वर पट्टी चिकटवावी. ते महाग नाही, पण तालुक्यात सहज मिळत नाही. मुलाला आईच्या मांडीवर बसू द्यावे, पंख असलेली बारीक सुई वापरावी, पट्टा बांधण्यापूर्वी तो त्याच्या हातात देऊन हाताळू द्यावा, आणि "दुखणार नाही" असे खोटे न सांगता, चिमटा बसेल आणि मग संपेल, असे दोन चित्रांनी दाखवावे. ज्या मुलांच्या बाबतीत आम्ही हे केले त्यांपैकी बहुतेकांचे रक्त एका सुईत मिळाले. आपल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतल्या प्रयोगशाळांना हे शिकवायला फार तर एका दुपारचे प्रशिक्षण लागेल.

मग ऑटिझम ओळखायचा कसा, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर आपल्याकडे आधीपासून आहे. दीड वर्षाचे मूल बोटाने काही दाखवते का, नावाने हाक मारल्यावर वळून पाहते का, आपण विमानाकडे पाहिले तर तेही पाहते का, हे अंगणवाडीच्या ओट्यावर बसूनही टिपता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तो याच किनाऱ्यावरच्या पालघरमधून; त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात आणि विकासातील विलंब टिपणे हे त्यांच्या कामातच आहे. संशय आलेल्या मुलाची सर्वांत आधी व्हायला हवी ती कानांची तपासणी, म्हणजे बेरा चाचणी, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला वळत नाही. पुढे ऑटिझम मोजण्याची भारतीय प्रमाणित मापनपट्टी (आयएसएए) आहे. तिच्यात ४० बाबी आहेत, ७० च्या खाली गुण आले तर ऑटिझम धरला जात नाही, आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र तिच्यावरच दिले जाते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. या साऱ्या मार्गावर कुठेही आयएल-६ लागत नाही.

गरज किती आहे याची कल्पना शेजारच्या गोव्यावरून येते. देशातल्या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ मुलांची जी पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात उत्तर गोवा हे एक ठिकाण होते. ऐकण्याच्या अडचणी, बौद्धिक अक्षमता, फिट्स, ऑटिझम असे सर्व मिळून सहा वर्षांखालच्या मुलांत ९.२ टक्के आणि सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत १३.६ टक्के मुलांना मेंदूच्या विकासाशी निगडित काही ना काही अडचण आढळली. उपाय काय चालतो याचा एक पुरावाही गोव्यातलाच आहे. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे ऑटिझम असलेल्या ६५ मुलांसह झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना त्यांच्याच मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ दाखवून संवाद कसा साधायचा ते शिकवले. पालक मुलाच्या कलाने अधिक प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपणहून संवाद अधिक सुरू करू लागली. एका मापावर परिणाम अपेक्षेच्या उलटही आला, म्हणून मी याला रामबाण म्हणत नाही. पण सावंतवाडीपासून काही तासांच्या अंतरावर, आपल्यासारख्याच गावांत, आपल्यासारख्याच पालकांबरोबर जे करून पाहिले गेले, ते आपल्या आशा आणि अंगणवाडी सेविकांना शिकवता येण्याजोगे आहे. सायटोकाइन पॅनेलच्या एका बिलात वाक्-उपचारतज्ज्ञाकडच्या कितीतरी बैठका बसतात. त्या तज्ज्ञासाठी देवगड-दोडामार्गच्या आयांना गोव्यातील बांबोळी किंवा कोल्हापूर गाठावे लागते, आणि एसटीच्या गर्दीत ओरडणारे मूल घेऊन तो प्रवास दर आठवड्याला करणे किती जणींना जमेल, याचा विचार व्हावा.

म्हणून आपल्याकडे मागणे असे आहे. तिन्ही जिल्ह्यांतील शासकीय व खासगी दवाखान्यांसाठी एक परिपत्रक काढावे, की ऑटिझमचे निदान, तीव्रता किंवा उपचार ठरवण्यासाठी सीआरपी, ईएसआर अथवा सायटोकाइनच्या चाचण्या लिहू नयेत. संसर्गाची शंका असेल तर मात्र त्या टाळू नयेत. हाच मजकूर साध्या मराठीत प्रत्येक प्रयोगशाळेच्या काउंटरवर लावण्यास सांगावे, कारण चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाला आम्ही तंत्रज्ञ स्वतःच्या तोंडाने "ही चाचणी करू नका" असे सांगू शकत नाही, पण आपल्या सहीच्या कागदाकडे बोट नक्की दाखवू शकतो. 'ऑटिझम प्रोफाइल' अशा नावाने विकल्या जाणाऱ्या पॅकेजांच्या जाहिरातींची चौकशी व्हावी.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना कोकणातील मुलांमधील दाहाचा अभ्यास करायचा असेल, तर त्याचे मी मनापासून स्वागत करीन. तो नीतिमत्ता समितीच्या मान्यतेने, पालकांच्या लेखी संमतीने आणि एक रुपयाही न घेता व्हावा. बरोबरीला त्याच गावातली, त्याच वयाची, ऑटिझम नसलेली मुले असावीत. ताप, दात, वजन आणि ऋतू यांची नोंद ठेवलेली असावी. आणि पालकांना आधीच सांगितलेले असावे की या आकड्यातून तुमच्या मुलासाठी आज काही निघणार नाही, पुढच्या पिढीसाठी कदाचित निघेल. अशा अभ्यासात नमुने गोळा करण्याचे आणि वेळेत वेगळे करून पाठवण्याचे काम सुट्टीच्या दिवशी विनामूल्य करायला मी तयार आहे, आणि माझ्या ओळखीचे आणखी काही तंत्रज्ञही येतील.

सर्वांत निकडीची मागणी वाक्-उपचारतज्ज्ञांची आहे. जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातील वाक्-उपचारतज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांची पदे कायम भरलेली राहावीत, त्या चमूने प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून निदान दोन ठरलेल्या वारी बसावे, आणि मापनपट्टीवरील मूल्यमापन व प्रमाणपत्राचे काम त्याच दिवशी तिथेच व्हावे. ते वार गावागावांत आधी कळवले जावेत. पहिली फेरी पावसाळ्यापूर्वी झाली तर फार बरे, कारण जून उजाडला की आतल्या वाड्यांवरून लहान मूल घेऊन तालुक्याला येणे जवळजवळ बंद होते आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाचे ते चार महिने हातचे जातात.

कळावे,

आपली विश्वासू,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
जिल्हा सिंधुदुर्ग